ॲलन ट्युरिंग

ॲलन मॅथिसन ट्युरिंग (जन्म : २३ जून १९१२, लंडन, मृत्यू : ७ जून १९५४, विल्म्स्लो, इंग्लंड) हे ब्रिटिश गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ व संकेतभेदक होते. आधुनिक संगणकशास्त्राचे आद्य प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात. संगणक प्रत्यक्ष अस्तित्वात येण्याच्या सुमारे बारा वर्षे आधी त्यांनी सार्वत्रिक संगणनयंत्राची संकल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाचे एनिग्मा संकेत उलगडण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. यंत्र विचार करू शकेल काय, या प्रश्नाच्या चर्चेला त्यांनी १९५० साली जी दिशा दिली तीच आजही बव्हंशी कायम आहे.

ट्युरिंग यंत्र आणि ट्युरिंग चाचणी या दोन संकल्पना सर्वपरिचित आहेत. त्यामानाने त्यांचे आणखी एक काम दुर्लक्षित राहिले. यंत्राला जे स्वतः काढता येत नाही ते त्याने बाहेरच्या कोणाला विचारावे आणि उत्तर घेऊन पुढे चालावे, ही कल्पना त्यांनी १९३६ ते १९४८ या काळात निरनिराळ्या रूपांत मांडली होती. अलीकडे संगणकीय कार्यक्रम माणसाच्या वतीने दूरच्या सेवांशी स्वतःच संपर्क साधून कामे करू लागले आहेत. त्यामुळे ट्युरिंग यांच्या या लेखनाकडे नव्याने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्या बाजूस मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

कुटुंब व बालपण

ट्युरिंग घराण्याचा भारताशी दोन्ही बाजूंनी संबंध होता. वडील ज्युलियस मॅथिसन ट्युरिंग हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये मद्रास इलाख्यात अधिकारी होते. ॲलन यांच्या जन्माआधी त्यांची नेमणूक गंजाम जिल्ह्यातील छत्रपूर येथे होती. हे गाव आता ओडिशात आहे. आई एथेल सारा यांचा जन्म कोइमतूरजवळील पोदनूर येथला. त्यांचे वडील एडवर्ड वॉलर स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. आवाज न करणाऱ्या पंख्याच्या चाकाचे पेटंटही या आजोबांच्या नावावर होते. ज्युलियस व सारा यांची भेट १९०७ साली मायदेशी जाणाऱ्या बोटीवर झाली आणि त्याच वर्षी डब्लिन येथे त्यांचा विवाह झाला. थोरला मुलगा जॉन १९०८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे जन्मला. ॲलन यांचा जन्म मात्र लंडनमधील मेडा व्हेल भागातील एका प्रसूतिगृहात झाला. ते स्वतः भारतात कधीच आले नाहीत.

भारताच्या हवामानात मुले वाढवू नयेत असा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा समज होता. त्यामुळे ॲलन जेमतेम सव्वा वर्षाचे असताना आई मद्रासला परतली आणि दोघे भाऊ समुद्रकाठच्या सेंट लिओनर्ड्स येथे एका निवृत्त कर्नलच्या कुटुंबात राहिले. आईवडील अधूनमधून रजेवर येत. साम्राज्याचा कारभार पाहणाऱ्या कित्येक इंग्रज कुटुंबांतील मुलांच्या वाट्याला असे पोरके बालपण आले. आपल्याकडे इंग्रज कलेक्टरांविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्यांच्या मुलांविषयी क्वचितच.

शालेय जीवन

१९२६ साली वयाच्या तेराव्या वर्षी ट्युरिंग डॉर्सेटमधील शेरबोर्न शाळेत दाखल झाले. शाळेचे सत्र सुरू होण्याच्या दिवसांतच ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप पुकारला गेला व रेल्वे बंद पडली. साउदॅम्प्टन बंदरावर उतरलेल्या ट्युरिंग यांनी तेथून शाळेपर्यंतचे सुमारे ९७ किलोमीटर अंतर एकट्याने सायकलवरून पार केले. वाटेत एका खानावळीत रात्र काढली. स्थानिक वृत्तपत्राने या प्रवासाची बातमी दिली होती.

शाळेत त्यांची गणना हुशार विद्यार्थ्यांत नव्हती. अक्षर वाईट, वह्यांवर शाईचे डाग, इंग्रजी व लॅटिन कच्चे, आणि गणितात शिक्षकांनी सांगितलेली रीत सोडून भलत्याच वाटेने उत्तर काढण्याची खोड, अशा तक्रारी प्रगतिपुस्तकात नोंदविल्या जात. केवळ शास्त्रज्ञ व्हायचे असेल तर हा मुलगा या शाळेत वेळ वाया घालवीत आहे, अशा आशयाचा अभिप्राय मुख्याध्यापकांनी दिला होता. शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्या कोणालाही हे शेरे वाचताना आपण लिहिलेली प्रगतिपुस्तके आठवून संकोच वाटावा. याच काळात आइन्स्टाइन यांचे सापेक्षतावादावरील पुस्तक ते आपले आपण समजून घेत होते.

शाळेतील क्रिस्टोफर मॉरकॉम या एक वर्ष पुढे असलेल्या विद्यार्थ्याशी त्यांची गाढ मैत्री झाली. विज्ञान व गणित हा दोघांचा समान ओढा होता. मॉरकॉम यास क्षयाची बाधा झालेली होती. लहानपणी दूषित दूध पिण्यात आल्याने ती झाली होती. १३ फेब्रुवारी १९३० रोजी त्याचे निधन झाले. या मृत्यूचा ट्युरिंग यांच्या मनावर खोल परिणाम झाला. पुढे काही वर्षे ते मॉरकॉमच्या आईशी पत्रव्यवहार करीत होते, आणि मन व शरीर यांचा संबंध काय, मृत्यूनंतर मनाचे काय होते, हे प्रश्न त्या पत्रांतून येत राहिले. यंत्र आणि मन यांविषयीच्या त्यांच्या पुढील चिंतनाचे मूळ चरित्रकारांना येथे दिसते.

केंब्रिज आणि सार्वत्रिक यंत्र

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. १९३४ साली ते प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच कॉलेजचे फेलो म्हणून निवडले गेले. त्यांच्या प्रबंधातील संभाव्यताशास्त्राचा प्रमेय लिंडेबर्ग यांनी १९२२ मध्येच सिद्ध केला होता, हे त्यांना स्वतः तो सिद्ध करीपर्यंत ठाऊक नव्हते. आधी कोणी काय केले आहे हे न पाहता मुळापासून विचार करण्याची ही सवय त्यांना जन्मभर राहिली.

त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून त्यांना हिल्बर्ट यांची निर्णयसमस्या कळली. कोणतेही गणिती विधान दिले असता ते सिद्ध करता येते की नाही हे ठराविक पायऱ्यांनी, यांत्रिकपणे ठरविण्याची एखादी रीत असू शकते काय, असा तो प्रश्न होता. ट्युरिंग यांनी यांत्रिकपणे या शब्दाचा अर्थच नेमका करायचे ठरविले. कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो, याचे त्यांनी बारकाईने पृथक्करण केले. तो एका वेळी एक चिन्ह पाहतो, मनात एक अवस्था ठेवतो, चिन्ह लिहितो वा खोडतो, आणि शेजारच्या चौकटीकडे सरकतो. एवढेच करणारे, चौकटींची लांबच लांब फीत असलेले काल्पनिक यंत्र म्हणजे ट्युरिंग यंत्र होय. अशा कोणत्याही यंत्राचे वर्णन फितीवर लिहून दिले तर त्याची हुबेहूब नक्कल करणारे एकच सार्वत्रिक यंत्र रचता येते, हे त्यांनी दाखविले. तसेच, काही प्रश्न कोणत्याही यंत्राला सुटणार नाहीत, हेही सिद्ध केले. संगणनक्षम संख्यांवरील हा निबंध १९३६ च्या मे महिन्यात सादर झाला आणि १९३६-३७ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी त्याच निष्कर्षाप्रत निराळ्या वाटेने पोहोचून थोडे आधीच आपला निबंध छापला होता. ट्युरिंग यांची रीत मात्र अधिक सहज पटणारी ठरली.

याच निबंधात दोन प्रकारच्या यंत्रांचा भेद केला आहे. पहिले स्वयंचलित यंत्र. त्याचे प्रत्येक पाऊल आधीच्या अवस्थेवरून पूर्णपणे ठरलेले असते. दुसरे निवड-यंत्र. ते काही ठिकाणी येऊन थबकते आणि बाहेरच्या माणसाने निवड केल्याशिवाय पुढे सरकत नाही. निबंधाचा सारा भर पहिल्या प्रकारावर असल्याने दुसऱ्याची वाच्यता दोन-चार वाक्यांतच आटोपली आहे. आजच्या स्वयंचलित कार्यक्रमांना पैसे देण्यापूर्वी वा पत्र पाठविण्यापूर्वी मालकाची संमती घेण्यासाठी थांबविले जाते. तत्त्वतः ते निवड-यंत्रच होय.

प्रिन्स्टन आणि ओरॅकल यंत्र

सप्टेंबर १९३६ मध्ये ट्युरिंग अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली १९३८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. क्रमवाचक संख्यांवर आधारलेल्या तर्कप्रणाली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९३९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रबंध अतिशय दुर्बोध आहे आणि त्यातील एका छोट्या भागात ओरॅकल यंत्राची कल्पना आली आहे.

ओरॅकल म्हणजे प्राचीन ग्रीसमधील देववाणी. डेल्फायच्या मंदिरात प्रश्न विचारावा आणि पुजारिणीच्या मुखातून उत्तर घ्यावे, अशी प्रथा होती. मराठी वाचकाला याच्या जवळचा शब्द कौल हा होय. कोकणात देवाच्या मूर्तीला फुले वा पाकळ्या लावून, उजवी पडते की डावी यावरून होय-नाही ठरवितात. विदर्भातील वाचकास बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी आठवेल. पण तेथे वर्षाचे भाकीत एकदमच सांगितले जाते, तर कौल एकेका प्रश्नाला मिळतो. ट्युरिंग यांना अभिप्रेत असलेली रचना कौलासारखी आहे. यंत्र आपले काम करीत जाते. एका विशिष्ट अवस्थेत पोहोचले की फितीवर लिहिलेला प्रश्न बाहेर टाकते. ओरॅकलकडून उत्तर येते. आणि त्या उत्तरानुसार यंत्र पुढचे पाऊल टाकते. ओरॅकल आत कसे चालते हे त्यांनी सांगितले नाही. ते यंत्र असू शकत नाही, एवढेच स्पष्ट केले, कारण यंत्राला न सुटणारे प्रश्न ते सोडविते असे गृहीत धरलेले आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, असा सर्वज्ञ साहाय्यक मिळूनही ओरॅकल यंत्राला न सुटणारे प्रश्न उरतातच, हेही त्यांनी सिद्ध केले.

त्या वेळी या कल्पनेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४४ मध्ये एमिल पोस्ट यांनी ती उचलली आणि एक प्रश्न दुसऱ्याच्या आधारे सुटतो की नाही, या तुलनेची एक संपूर्ण शाखा तिच्यावर उभी राहिली. ती आजही ट्युरिंग यांच्याच नावाने ओळखली जाते.

आजच्या व्यवहारातील एक उदाहरण घेतल्यास या रचनेचे महत्त्व कळेल. एखाद्या गृहस्थाने आपल्या संगणकीय साहाय्यकाला शुक्रवारी नागपूरहून पुण्यास जाणाऱ्या गाडीत दोन जागा पाहावयास सांगितल्या, असे समजू. साहाय्यक कार्यक्रम कितीही चतुर असला तरी जागा शिल्लक आहेत की नाहीत हे त्याला विचार करून कळणार नाही. ते फक्त रेल्वेच्या आरक्षण-संगणकाला ठाऊक आहे. म्हणून तो ठरलेल्या नमुन्यात प्रश्न तयार करतो, आपली ओळख पटवितो, प्रश्न पाठवितो, थांबतो आणि आलेले उत्तर वाचून पुढे काय करावयाचे ते ठरवितो. दोन कार्यक्रमांमधील अशा ठरलेल्या प्रश्नोत्तर-व्यवस्थेला एपीआय म्हणतात. रेल्वे, बँक, हवामान, नकाशे, बाजारभाव यांपैकी प्रत्येकाचे दार निराळे आणि प्रत्येक दाराची किल्ली निराळी. यंत्राचे आतले काम एकीकडे आणि बाहेरून येणारे उत्तर दुसरीकडे, या दोहोंमध्ये ट्युरिंग यांनी आखलेली सीमारेषा येथे जशीच्या तशी दिसते.

साम्य येथेच संपते, हे ध्यानात ठेवावयास हवे. काही लोकप्रिय लेखांतून ट्युरिंग यांनी आजच्या संगणकीय सेवांचे भाकीत केल्याचे सांगितले जाते; ते अतिशयोक्त आहे. त्यांचे ओरॅकल हे तर्कशास्त्रातील साधन होते, आणि ते कधीच चुकत नाही हे त्यात गृहीत होते. रेल्वेचा संगणक हे शेवटी साधे यंत्रच. तो बंद पडतो, उशिरा उत्तर देतो, जुनी माहिती देतो, आणि मधल्या मध्ये कोणी लबाडीने खोटे उत्तरही पुरवू शकते. प्रश्न विचारणाऱ्या कार्यक्रमाने उत्तरावर कितपत विसंबावे, ही आज सर्वांत मोठी अडचण आहे. ओरॅकलवर मात्र शंका घेण्याची सोयच ट्युरिंग यांनी ठेवलेली नव्हती.

महायुद्धातील कार्य

जॉन फॉन नॉयमन यांनी देऊ केलेली प्रिन्स्टनमधील जागा नाकारून ट्युरिंग १९३८ मध्ये मायदेशी परतले. ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ते ब्लेचली पार्क येथील गुप्त संकेतभेद केंद्रात रुजू झाले.

एनिग्मा यंत्राचे रहस्य प्रथम उलगडले ते पोलंडच्या मारिआन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की या तरुण गणितज्ञांनी. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ झालेल्या गुप्त बैठकीत पोलिश अधिकाऱ्यांनी आपले सारे ज्ञान ब्रिटिश व फ्रेंच सहकाऱ्यांच्या स्वाधीन केले. इंग्रजी चित्रपटांत या तिघांना सहसा स्थान मिळत नाही, म्हणून येथे नोंद. ट्युरिंग यांनी पोलिश यंत्राहून निराळ्या तत्त्वावर बॉम्ब नावाचे विद्युत-यांत्रिक उपकरण रचले. संदेशातील एखादा शब्दसमूह अंदाजाने धरून त्याच्याशी विसंगत असणाऱ्या हजारो जुळण्या हे उपकरण झपाट्याने बाद करी. पहिले उपकरण मार्च १९४० मध्ये बसविण्यात आले. गॉर्डन वेल्चमन यांनी सुचविलेल्या सुधारणेने त्याची शक्ती पुष्कळ वाढली. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या आसपास यंत्रे तयार झाली होती. कोलॉसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्रही ट्युरिंग यांचेच, असा एक प्रचलित गैरसमज आहे. ते टॉमी फ्लॉवर्स यांनी घडविले होते.

जर्मन नौदलाचा एनिग्मा सर्वांत अवघड होता आणि अटलांटिकमधील रसदवाहू जहाजांचे भवितव्य त्यावर अवलंबून होते. हे काम करणाऱ्या आठ क्रमांकाच्या झोपडीचे नेतृत्व ट्युरिंग यांच्याकडे होते. १९४१ मध्ये मनुष्यबळ अपुरे पडू लागले. वरिष्ठ दाद देईनात, तेव्हा ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर व स्टुअर्ट मिल्नर-बॅरी या चौघांनी २१ ऑक्टोबर रोजी थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. चर्चिल यांनी त्याच दिवशी कार्यवाही करण्याचा आदेश काढला.

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा याच काळातल्या. परागकणांचा त्रास होऊ नये म्हणून गॅस-मुखवटा घालून सायकल चालविणे, चहाचा मग साखळीने बांधून कुलूप लावणे, वगैरे. जर्मन आक्रमणाच्या भीतीने त्यांनी चांदीच्या दोन लगडी जमिनीत पुरल्या आणि खुणा सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या. युद्धानंतर त्या लगडी त्यांना स्वतःलाही सापडल्या नाहीत. १९४१ मध्ये सहकारी गणितज्ञ जोन क्लार्क यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला होता. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी तिला सांगितले, आणि पुढे स्वतःच ते लग्न मोडले. दोघांची मैत्री टिकली.

युद्धकार्याबद्दल त्यांना ओबीई हा किताब मिळाला. कार्य कोणते, हे मात्र १९७० च्या दशकापर्यंत गुप्तच राहिले. त्यांच्या शेवटच्या वर्षांत जे घडले त्यात या गुप्ततेचा भाग आहे. आपण देशासाठी काय केले हे सांगण्याची त्यांना मुभाच नव्हती.

एस यंत्र आणि दूरध्वनीच्या तारा

ऑक्टोबर १९४५ मध्ये ट्युरिंग टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत दाखल झाले. ऑटोमॅटिक कंप्यूटिंग इंजिन, संक्षेपाने एस, या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा तपशीलवार आराखडा त्यांनी काही महिन्यांतच तयार केला आणि मार्च १९४६ मध्ये तो प्रयोगशाळेच्या समितीपुढे आला. या आराखड्यात एक लक्षणीय युक्ती आहे. वारंवार लागणारी कामे स्वतंत्र सूचनापत्रकांत लिहून ठेवावीत. मुख्य कामातून गरज पडेल तेव्हा त्या पत्रकाकडे जावे. आणि परतीची जागा विसरू नये म्हणून ती आधी नोंदवून ठेवावी. परतीची खूण पुरणे व उकरणे अशा अर्थाची नावे त्यांनी या क्रियांना दिली होती. आजचा प्रत्येक संगणक मदतीच्या कार्यक्रमाकडे जाऊन परततो तो याच पद्धतीने.

२० फेब्रुवारी १९४७ रोजी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे त्यांनी एस यंत्रावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी पुढील काळाविषयी केलेल्या सूचनांपैकी एक अशी की, यंत्र एका ठिकाणी असावे आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांनी दुसऱ्या गावाहून दूरध्वनीच्या तारेने त्याला काम सांगून उत्तर घ्यावे. दूरच्या ठिकाणी लागणारे उपकरण काहीशे पौंडांत होईल, असा त्यांचा अंदाज होता. तारेवरून गणन करण्याचा प्रयोग याआधी झालेला होता. सप्टेंबर १९४० मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजातून न्यूयॉर्कमधील रिले-यंत्राकडून गणिते सोडवून दाखविली होती. परंतु कार्यक्रम साठविता येणाऱ्या सार्वत्रिक यंत्राची सेवा दुरून घ्यावी, हा विचार इतक्या लवकर फार थोड्यांनी केला. यंत्रासाठी सूचना लिहिणारे लोक आपले काम यंत्राकडे जाऊ नये म्हणून त्याभोवती गूढतेचे वलय उभे करतील, असा मिस्कील इशाराही त्यांनी त्याच व्याख्यानात देऊन ठेवला.

सरकारी दिरंगाईमुळे यंत्र उभारणी रखडली. कंटाळून ट्युरिंग १९४७ च्या अखेरीस रजेवर केंब्रिजला गेले. त्यांच्या आराखड्यावरून केलेले लहान आकाराचे पायलट एस १० मे १९५० रोजी प्रथम चालले, तेव्हा ते प्रयोगशाळा सोडून मँचेस्टर विद्यापीठात रुजू झालेले होते.

रजेच्या काळात लिहिलेल्या बुद्धिमान यंत्रांवरील अहवालात ट्युरिंग यांनी यंत्राला लहान मुलाप्रमाणे शिकविता येईल असे सुचविले. शिवाय, एकाकी माणसाची बुद्धी वाढत नाही, ती इतर माणसांच्या सहवासात, त्यांच्याकडून रीती उचलीत वाढते, असेही प्रतिपादन केले. यंत्रालाही बाहेरून हस्तक्षेप घडत राहावा लागेल, हा त्याचा इत्यर्थ. प्रयोगशाळेचे संचालक चार्ल्स गाल्टन डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादी डार्विन यांचे नातू, यांना हा अहवाल शाळकरी निबंधासारखा वाटला आणि तो प्रसिद्ध झाला नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर चौदा-पंधरा वर्षांनी तो उजेडात आला.

मँचेस्टर

१९५० च्या ऑक्टोबरमध्ये माइंड या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात त्यांचा प्रसिद्ध लेख आला. यंत्र विचार करते काय हा प्रश्न धूसर आहे, त्याऐवजी टंकमुद्रकावरून संभाषण करणाऱ्याला पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखता येते काय ते पाहावे, असे त्यांनी सुचविले. मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांच्यासह त्यांनी बुद्धिबळाचा कार्यक्रमही लिहिला होता. तो चालविण्याजोगे यंत्र नसल्याने १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच कागदावर यंत्राची भूमिका करीत एक डाव खेळले. एकेका चालीस अर्धा तास लागे. डाव ते हरले.

१९५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९५२ साली सजीवांतील आकृतिबंधांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या अंगावरील ठिपके व पट्टे दोन रसायनांच्या अभिक्रिया व विसरण यांतून उमटू शकतात, हे त्यात गणिताने दाखविले आहे. जीवशास्त्रात हा निबंध आज अत्यंत मोलाचा मानला जातो. ट्युरिंग उत्तम धावपटूही होते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पूर्ण केली.

खटला व मृत्यू

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. फिर्याद त्यांनी स्वतः दिली. तपासात एका तरुणाशी असलेले आपले संबंध त्यांनी लपविले नाहीत, आणि पोलिसांनी चोरी बाजूला ठेवून फिर्यादीवरच खटला भरला. पुरुषांमधील समलिंगी संबंध १८८५ च्या कायद्यान्वये गुन्हा होते. ३१ मार्च १९५२ रोजी त्यांनी आरोप मान्य केला. तुरुंगवास टाळावयाचा तर वर्षभर संप्रेरकांची औषधे घेण्याची अट होती. ती त्यांनी पत्करली. औषधांनी त्यांच्या शरीरावर विपरीत परिणाम झाले. गुप्त सरकारी कामाची परवानगीही काढून घेण्यात आली.

८ जून १९५४ रोजी घरकाम करणाऱ्या बाईंना ते अंथरुणात मृतावस्थेत आढळले. मृत्यू आदल्या दिवशी झाला होता; वय ४१ होते. मृत्यूचे कारण सायनाइडची विषबाधा ठरले. शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते, परंतु त्याची तपासणी कधी झालीच नाही. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष काढण्यात आला. घरात ते सायनाइड वापरून मुलामा देण्याचे प्रयोग करीत, त्यातून अपघात झाला असे आई सारा यांचे अखेरपर्यंत मत होते. जॅक कोपलँड या अभ्यासकानेही आत्महत्येचा पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आहे. सफरचंदाची कथा इतकी पसरली आहे की एका प्रसिद्ध संगणक कंपनीचे बोधचिन्ह त्यावरून घेतल्याचे सर्रास सांगतात. त्यात तथ्य नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये हा गुन्हा १९६७ साली अंशतः रद्द झाला. ब्रिटिशांनी १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम मात्र भारतात त्यानंतरही अर्धशतक टिकले. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल केले. ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात ज्या संहितेनुसार कारभार करीत होते, तीच ही संहिता.

स्मृती

संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९६६ पासून दिला जातो. १९९४ मध्ये तो आंध्र प्रदेशात जन्मलेल्या राज रेड्डी यांना विभागून मिळाला. सारा ट्युरिंग यांनी मुलाचे चरित्र १९५९ साली प्रसिद्ध केले. युद्धातील कामगिरीविषयी त्यांना बहुतेक काहीच ठाऊक नसल्याने त्यात ती जवळपास कोरी आहे. अँड्र्यू हॉजेस यांचे १९८३ मधील चरित्र सर्वाधिक प्रमाणभूत समजले जाते. २०१४ सालचा त्यांच्यावरील चित्रपट लोकप्रिय झाला. त्यात इतिहासाशी बरीच मोकळीक घेतली आहे.

१० सप्टेंबर २००९ रोजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने जाहीर क्षमायाचना केली आणि २४ डिसेंबर २०१३ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ट्युरिंग यांना मरणोत्तर माफी दिली. एकट्या थोर माणसाला माफी आणि त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या हजारो सामान्यांना नाही, यावर त्या वेळी टीका झाली. २०१७ च्या कायद्याने ती माफी मृत्यू पावलेल्या इतर दोषसिद्धांनाही लागू झाली. २३ जून २०२१ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, बँक ऑफ इंग्लंडने ५० पौंडांची नवी नोट चलनात आणली. तिच्यावर ट्युरिंग यांचे छायाचित्र, १९३६ च्या निबंधातील एक सारणी, पायलट एस यंत्राचे चित्र, ब्लेचली पार्कच्या अभ्यागत-वहीतील त्यांची स्वाक्षरी आणि फितीवर शून्य-एकांत लिहिलेली त्यांची जन्मतारीख आहे.